वेणूबाईनं जागा सोडली

सारसोळ्याच्या वेणूबाईच्या तोंडून "बघू" हा शब्द कधी कुणी ऐकला नाही. होणारी गोष्ट असली तर ती "झालं" म्हणायची, नसली तर "नाय", आणि या दोहोंच्या मधे काही असतं यावर तिचा मुळी विश्वासच नव्हता. शिवाशी लग्न करशील का, असं बापानं विचारलं तेव्हाही ती म्हणे "झालं" एवढंच बोलली आणि पुन्हा कोळंबी सोलायला बसली. शिवा खाडीत डोल जाळं लावायचा. माणूस गरीब स्वभावाचा, बोलायला आळशी, आणि बायकोच्या धडाडीचं त्याला मनापासून कौतुक. त्या संसारात निर्णय कोण घ्यायचं हे सांगायची गरज नाही.

घर वेणूबाईच्या नावावर झालं ते त्यामुळेच. गावठाणात खाडीच्या अंगाला एका आगरी कुटुंबाची पडीक जागा होती. विकणारा म्हातारा भलता चिकट. शिवाला तो पावसाळ्यामागून पावसाळे टोलवत राहिला. मग एक दिवस वेणूबाई स्वतः पदर खोचून गेली आणि संध्याकाळपर्यंत सौदा ठरवून परत आली. म्हातारा म्हणाला, शब्द या बाईनं दिलाय, तेव्हा कागदही हिच्याच नावाचा होईल. गावात चार माणसं हसली. शिवा स्वतःही हसला आणि ठाण्याच्या कचेरीत साक्षीदार म्हणून अंगठा उठवून आला. त्या जागेवर आधी कुडाचं, मग विटांचं आणि शेवटी कौलांचं घर उभं राहिलं ते मासळीच्या पाटीवर. हे सगळं एकोणीसशे साठच्या आतबाहेरचं. तेव्हा नवी मुंबई नावाचं काही नव्हतं. होती ती भातशेती, मिठागरं आणि खाडी.

पुढं पूल झाला, वाशीला सिडकोच्या इमारती उठल्या आणि त्यांत मुंबईहून नोकरदार माणसं राहायला आली. त्यांना मासळी लागणार हे सगळ्या सारसोळ्यात पहिल्यांदा कुणाच्या ध्यानात आलं असेल ते वाचकानंच ओळखावं. सेक्टरच्या बाजारात, पिठाच्या गिरणीच्या भिंतीलगत, वेणूबाईनं पाटी टेकली ती टेकली. गिरणीवाला कुरकुरला, पाट्या उचलणारे येऊन गेले, दुसऱ्या गावच्या बायकांनी दोनदा भांडण उकरून काढलं. जागा हलली नाही. चार-पाच वर्षांत लोक पत्ता सांगताना "वेणूबाईच्या कोपऱ्यावरून डावीकडं" असं सांगायला लागले.

आता या जागेचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. तिच्या गोतातल्या बायका बाजारातली आपली जागा सुनेला देतात. कागद नाही, पत्र नाही. सासू एक दिवस ठरवते, सुनेला बरोबर नेते, आजूबाजूच्या चार विकणारणींना हाक मारते, आपल्या हातातला कोयता सुनेच्या हातात ठेवते आणि पाटावरून उठते. सून बसते. झालं. त्या घटकेपासून ती जागा सुनेची, आणि उठलेली सासू पुन्हा त्या पाटावर कधी बसत नाही. आजारी सुनेच्या बदली म्हणूनसुद्धा नाही. बसली तर दिलेलं परत घेतलं असा अर्थ होतो, आणि दिलेलं परत घेणारी बाई म्हणून तिचं नाव खाडीच्या दोन्ही काठांवर होतं. वेणूबाईला बेलापूरच्या बाजारातली जागा सासूनं अशीच दिली होती.

वेणूबाईची सून रखमा. दिवाळे गावच्या कोळ्यांची मुलगी, चौथी शिकलेली, कामाला वाघीण आणि बोलण्यात सासूच्या अगदी उलट: एक वाक्य बोलायचं तर आधी तीन वेळा मनात घोळवणार. वेणूबाईच्या एकुलत्या एका मुलाशी, कान्हाशी, तिचं लग्न झालं तेव्हा शिवा हयात होता. वर्षभरात तो तापानं गेला. रखमाला मूल झालं नाही. आणि कान्हा, जो आधी खाडीवर जायचा, मग कारखान्यांच्या पाण्यानं खाडीतली मासळी रोडावली म्हणून टेम्पो चालवायला लागला, तो कळंबोलीच्या लोखंडाच्या गाड्या करता करता तिकडंच रमला. तिकडं त्यानं एका बाईशी बिऱ्हाड केलं. आधी आठवड्यानं यायचा, मग महिन्यानं, मग होळीला.

गावातल्या शहाण्यासुरत्यांनी वेणूबाईला सुचवलं की सुनेला माहेरी पाठवून दे, अजून तरुण आहे, तिचंही काही बघता येईल. वेणूबाईनं त्यांना विचारलं की तुमच्या घरात लग्न करून आलेली बाई कोण आणि पळून गेलेला पुरुष कोण हे तुम्हाला कळतं ना? मग जो गेलाय त्याला पाठवा कुठं पाठवायचं ते. त्यानंतर हा विषय तिच्या दारात कुणी काढला नाही. पोराचं तिला दुःख नव्हतं असं मुळीच नाही. रात्री भात वाढताना तिचा हात अजून तीन ताटांच्या अंदाजानं चालायचा आणि ती स्वतःवरच चिडायची.

एकोणीसशे एक्याऐंशीच्या दिवाळीनंतर वेणूबाईचे गुडघे बोलायला लागले. तिनं आठ दिवस त्यांचं ऐकलं, नवव्या दिवशी रखमाला बाजारात नेलं, शेजारच्या चांगुणाबाईला आणि इतरजणींना हाक मारली, कोयता दिला आणि उठली. रखमा बसली. गिऱ्हाइकं हळहळली, पण मासळी तीच आणि हात त्याहून चपळ, त्यामुळे हळहळ दोन दिवसांत संपली.

घरात बसून राहणं मात्र वेणूबाईच्या रक्तात नव्हतं. ती रोज रखमाबरोबर वाशीला यायचीच. यायची आणि गिरणीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहायची. जुन्या गिऱ्हाइकांशी बोलायची, बोईट ताजं आहे की शिळं ते लांबूनच डोळ्यांनी सांगायची, पण बसायची नाही. कुणी स्टूल आणून दिलं तर ते परत करायची. जागेच्या हद्दीत बसली म्हणजे बसलीच, मग बूड पाटावर असो की स्टुलावर. रखमा खाली मान घालून मासे कापत राहायची. येणाऱ्या-जाणाऱ्या नव्या लोकांना वाटायचं, काय ही सून, म्हातारीला बसायला जागा देत नाही. हे रखमाच्या कानावर यायचं. 

पुढच्या होळीला वेणूबाईनं घरही दिलं. तिच्या हिशेबी यात अवघड काही नव्हतं. बाजारातली जागा जशी दिली तसंच घर. तिनं गावातल्या जाणत्यांना बोलावलं, त्यांत बाजीराव नावाचे वयोवृद्ध गृहस्थ होते ज्यांच्या शब्दावर गावात भांडणं मिटत. सगळ्यांच्या देखत तिनं किल्ल्यांचा जुडगा रखमाच्या हातात ठेवला, आतल्या खोलीतलं आपलं अंथरूण स्वतः गुंडाळून बाहेर ओटीवर आणलं आणि जाहीर केलं की आजपासून हे घर माझ्या सुनेचं. लोकांनी मान डोलावली, पुरणपोळी खाल्ली आणि घरी गेले. बाजीरावांनी जाताना म्हटलं, छान केलंस वेणू. कागदाचं नाव त्यांनीही काढलं नाही. इतक्या माणसांसमोर दिलेल्या शब्दाला कागद मागायचा म्हणजे त्या माणसांचाच अपमान, असं साऱ्या गावाला वाटत असे.

हा समज मोडायला वर्षभरानं कान्हा आला; घर दिलं त्या होळीला तो फिरकला नव्हता. बरोबर पँटशर्टातला एक इसम होता आणि त्या इसमाकडे फीत होती. सिडकोनं शेजारच्या नेरूळमधे इमारती बांधायला घेतल्या होत्या आणि गावठाणातल्या घरांवर आता लोकांचे डोळे होते. इसमानं ओटी मोजली, मधली खोली मोजली आणि चुलीशी आला. फितीच्या वाटेत कालवणाचं भांडं होतं. रखमानं ते उचललं, फीत सरकू दिली आणि परत ठेवलं.  कान्हा तिच्याकडे बघत नव्हता.

कान्हा वाईट असता तर सोपं झालं असतं. तो ओरडला नाही, त्यानं दारू प्यायलेली नव्हती. ओटीवर बसून त्यानं आईला समजावलं की आत्ता कुणी काही विकत नाहीये, तू आहेस तोवर घर तुझंच, पण पुढचं बघून ठेवावं लागतं. वेणूबाईला हसू आलं. घर कधीच देऊन झालंय, ती म्हणाली, गावाला विचार.

"गावाला कोन विचारतंय, आई?" कान्हा म्हणाला. "कागद तुज्या नावाचा हाय. तुज्यामागं माज्या नावाचा. मी वकिलाला विचारून आलोय."

तो गेल्यावर वेणूबाई तडक बाजीरावांकडे गेली. बाजीरावांनी डोकं खाजवलं. पंचांचा शब्द आहेच, ते म्हणाले, पण कचेरीत पंच चालत नाहीत, पोरगा खोटं बोलत नाहीये. वेणूबाई परत आली तेव्हा रखमा किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवून बसली होती. वेणूबाईच्या मनात आलं, आपल्या डोळ्यांदेखत आहे तोवर ठीक, पण आपण डोळे मिटले की या पोरीच्या हाताला धरून तिला कुणीही ओट्यावरून खाली उतरवेल, आणि तेही माझा पोरगा.  आयुष्यात पहिल्यांदा तिनं केलेली गोष्ट झालेली नव्हती.

वाशीच्या गिऱ्हाइकांत सुनीती नावाच्या एक वकीलबाई होत्या, ठाण्याच्या कोर्टात जाणाऱ्या. दर रविवारी जिताडा मिळाला तर जिताडा, नाही तर कोळंबी. वेणूबाई दुसऱ्याच दिवशी जुनं खरेदीखत फडक्यात बांधून त्यांच्या दारात उभी राहिली. सुनीतीबाईंनी खत शांतपणे वाचलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती चांगली होती: घर वेणूबाईनं स्वतः घेतलेलं, स्वतःच्या नावावर, त्यामुळे ते कुणाला द्यायचं हा सर्वस्वी तिचा अधिकार. मुलाचा आज त्यात काही हक्क नाही. पण काहीच न करता ती गेली तर घर मुलाकडे जाणार. सून वारसांत बसत नाही. तेव्हा त्यांचा सल्ला मृत्युपत्राचा होता. तुम्ही आहात तोवर घर तुमचं, तुमच्यामागं रखमाचं, आणि मधे कधी मन बदललं तर कागदही बदलता येतो.

वेणूबाईला यातलं शेवटचं तर नाहीच, पण पहिलंही पटलं नाही.

"म्हंजे तिनं रोज सकाळी उठून माज्या मरनाची वाट बघायची?" ती म्हणाली. "तसलं घर मी तिला देनार नाय. मना बघायचंय दिलेलं."

मग राहिलं बक्षीसपत्र. सुनीतीबाईंनी ते फोड करून सांगितलं. बक्षीसपत्र केलं, नोंदवलं, की त्याच दिवसापासून घर रखमाचं. परत घेता येणार नाही. घेणाऱ्यानं ते स्वीकारलंही पाहिजे, नुसतं देऊन भागत नाही. आणि एक धोका आहे, त्या म्हणाल्या: दिल्यावर तुमचं तिथं काही उरत नाही. उद्या तिनं तुम्हाला बाहेर जा म्हटलं तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन, पण माझ्या हातात काही नसेल. म्हणून कागदातच एक ओळ घालू, की तुम्हाला हयातभर त्या घरात राहायचा हक्क आहे.

वेणूबाईनं मान हलवली ती आडवी. बाजारातला रिवाज तिनं वकीलबाईंना समजावून सांगितला. जी बाई उठली ती उठली. देऊन पुन्हा एक पाय आत ठेवायचा, हे तिच्या सासूनं केलं नव्हतं आणि ती करणार नव्हती. सुनीतीबाईंनी पाऊण तास डोकेफोड केली आणि शेवटी हात टेकले. पक्षकार तुम्ही आहात, त्या म्हणाल्या, पण मसुदा मी दोघींना वाचून दाखवणार, कारण घेणारीला काय घेतोय ते कळलं पाहिजे.

तसं त्यांनी दाखवलंही. रखमा ऐकत होती. राहायच्या हक्काची ओळ का नाही, असं तिनं एकदाच विचारलं, आणि सुनीतीबाईंनी खरं ते सांगितलं. मग ती गप्प झाली. सुनेच्या गप्प बसण्याचा अर्थ "बरं" असा असतो, हे वेणूबाईनं इतक्या वर्षांच्या अनुभवानं ठरवून टाकलं होतं. इथं तिचा अंदाज साफ चुकला.

ठाण्याला जायचा दिवस उजाडला. साक्षीला बाजीराव होते आणि चांगुणाबाई, जिनं त्यासाठी बाजार बुडवला आणि बसमधे ते सगळ्यांना ऐकवलं. वेणूबाईनं लग्नाकार्यात नेसायचं लुगडं नेसलं होतं. बस बेलापूर रस्त्यानं कारखान्यांच्या कडेकडेनं चालली होती आणि ती खिडकीतून बाहेर बघत आपल्याच तंद्रीत खूश होती. कान्हाची आठवण तिला रबाळ्याच्या आसपास आली. तो लहान असताना तिच्या पाटीच्या मागं झोपायचा. ती आठवण तिनं थोडा वेळ राहू दिली आणि मग बाजूला सारली. पोराला तिनं वाढवलं होतं, हातपाय आणि धंदा दिला होता; त्यानं स्वतःचं घर स्वतः निवडलं होतं. रखमाला निवडायला काहीच मिळालं नव्हतं.

कचेरीच्या आवारात झाडाखाली टंकलेखक बसलेले. सुनीतीबाईंनी मुद्रांकाचा कागद टेबलावर पसरला. आत साहेबांसमोर जाण्याआधी सह्या-अंगठे इथंच उरकायचे होते. टंकलेखकानं शाईची डबी पुढं केली. वेणूबाईनं डावा अंगठा शाईत चांगला घोळवला आणि कागदावर नेला.

"थांबा, आई," रखमा म्हणाली.

वेणूबाईचा अंगठा हवेत राहिला.

"मना हे घर नको."

चांगुणाबाईनं आ वासला. बाजीरावांनी धोतराचा सोगा उगाचच सावरला. वेणूबाईला आधी वाटलं, पोरगी घाबरली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर कळलं की पोरगी नाही, घाबरलोय ते आपणच. नको म्हणजे काय, तिनं विचारलं, आणि मग राग आला तशी एका दमात बरंच काही बोलली: की मी कुणासाठी हा उपद्व्याप केला, एकुलत्या पोराला दुखावलं कुणासाठी, गावात शोभा करून घेणार आहेस का माझी. रखमानं सगळं ऐकून घेतलं. तिची सगळी वाक्यं या वेळी आधीच घोळवून झालेली होती.

"बाजारात तुमी रोज भिंतीला लागून उभ्या रहाता," ती म्हणाली. "गुडगे दुकतात ते मना दिसतंय. लोकं मना नावं ठेवतात. तो बाजाराचा रिवाज, म्हनून मी गप बसले. घरात मी ते बघनार नाय. ओटीवर अंथरून टाकलंय तुमी. थंडीत तितंच झोपल्या. माज्या घरात माजी सासू पावनी म्हनून रहानार असंल तर तसलं घर मना नको. ते कान्हाला जाऊ दे."

"तुला रस्त्यावर काडंल तो."

"काडू दे."

आणि मग सुनीतीबाईंकडे वळून ती म्हणाली, "घराबरूबर आईला पन कागदात लिवा. दोनी मिळून द्या मना."

टंकलेखकानं चष्मा वर केला. आयुष्य या झाडाखाली गेलं होतं त्याचं. माणूस बक्षीस देता येत नाही हो, तो म्हणाला, जंगम मालमत्तेत बसत नाही. त्याला हसू येत होतं पण त्यानं ते आवरलं. सुनीतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्यांच्या पिशवीतून एक कागद काढला. हयातभर राहायच्या हक्काची ओळ त्यांनी आधीच लिहून आणली होती. वकील माणूस, आशा सोडत नाही.

वेणूबाई शाईचा अंगठा तसाच वर धरून उभी होती. तिला आपल्या सासूचा खूप राग आला, जिला मरून वीस-बावीस वर्षं झाली होती. ती म्हातारी बेलापूरच्या बाजारात अशीच उभी राहायची, आणि वेणूबाई पाटावर बसून मासे विकायची आणि मनातल्या मनात शरमेनं अर्धी व्हायची. हे आजवर तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रिवाज म्हणून गिळलं होतं. पण गिळलेलं सुनेच्या पानात वाढायचं हे कुणी सांगितलं होतं?  तरीही दिलं की उठायचं, हे तिच्या हाडात होतं.

"मी नाय बसनार," ती म्हणाली, पण आवाजात मघाची धार नव्हती.

रखमा जवळ आली. पुढचं ती हळू बोलली, तरी ते चांगुणाबाईला ऐकू गेलं, म्हणून तर आज साऱ्या सारसोळ्याला ते ठाऊक आहे.

"आई, मना मूल नाय. मी बी एक दिवस म्हातारी होईन आनि हे घर कुनाला तरी देईन. ती माज्या पोटची नसंल. तुमी आज काय बी न ठेवता उठलात, तर मना पन तसंच उठावं लागंल. मग मी कुटं जाऊ?"

 घर देताना आपण नुसतं घर देत नाही, घर द्यायची रीतही देतो, हे वेणूबाईला कुणी वकिलानं सांगितलं नव्हतं. आपण ताठ मानेनं ओटीवर झोपलो ते आपल्याला शोभलं. पण हीच पोरगी साठीची होऊन, कुणा परक्या मुलीच्या ओटीवर अंथरूण घालतेय, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं. बाजीराव काहीतरी शहाणपणाचं बोलायच्या तयारीत होते. तिनं त्यांना हातानंच गप्प केलं, आणि त्यांच्या सदऱ्याला शाई लागली.

"लिवा," ती वकीलबाईंना म्हणाली. "हयातभर रहानार म्हनून लिवा. आनि आतल्या खोलीत म्हनून लिवा. ओटीवर नको."

टंकलेखकानं कागद यंत्रात सरकवला. मसुद्याखाली जागा होती तिथं ती ओळ बसली: देणार हिला सदर घराच्या आतील खोलीत तिच्या हयातीपर्यंत राहण्याचा अधिकार राहील आणि तो घेणार हिला मान्य आहे. सुनीतीबाईंनी ती दोनदा मोठ्यानं वाचली. वेणूबाईच्या अंगठ्यावरची शाई वाळून गेली होती. तो पुन्हा डबीत घालावा लागला. मग रखमानं सही केली, चौथीच्या वर्गातल्या अक्षरात, "मान्य आहे" च्या खाली. आत साहेबांनी राजीखुशीनं देता का असं विचारलं तेव्हा वेणूबाईनं त्यांना असं काही उत्तर दिलं की त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

 घरी आल्यावर वेणूबाईनं अंथरूण उचललं आणि आतल्या खोलीत नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी बाजारात गिरणीच्या भिंतीशी ती उभी राहिली की बसली, असं विचाराल तर थोडा वेळ उभी राहिली. मग गिरणीवाल्याचं स्टूल तिनं स्वतः मागून घेतलं आणि ते पाटापासून हातभर अंतरावर ठेवून घेतलं. चांगुणाबाईनं डोळे मोठे केले. वेणूबाईनं तिला सांगितलं की बक्षीसपत्र वाचून ये आणि मग बोल.

चांगुणाबाई वाचायला काही गेली नाही, पण पुढच्या वर्षी तिनं स्वतः जागा सोडली तेव्हा पाटाशेजारी आपल्यासाठी एक फळी आधी टाकून घेतली आणि मगच कोयता सुनेच्या हातात दिला. रिवाज असाच बदलतो. कुणी सभा भरवत नाही.

कान्हाला सगळं कळलं. तो पुढची तीन वर्षं फिरकला नाही. फीतवाला इसम एकदा एकटाच येऊन गेला, रखमानं त्याला ओटीवरच नोंदलेल्या दस्ताची नक्कल दाखवली, आणि तो पाणी पिऊन निघून गेला. वेणूबाई त्या वेळी आत पडून होती. तिला उठावंसंही वाटलं नाही, आणि याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर एका दुपारी कान्हा आला. कळंबोलीतलं बिऱ्हाड मोडलं होतं. टेम्पोही हातात राहिला नव्हता. कानशिलं पांढरी झालेली, हातात एक पत्र्याची पेटी. ती त्यानं ओटीच्या कडेला ठेवली, आत ठेवली नाही. आईच्या पाया पडला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"आई, मी आलोय," तो म्हणाला.

 पोटचा गोळा तो पोटचा गोळा. त्याच्या केसांवरून हात फिरवावा, पेटी उचलून आत न्यावी, असं वेणूबाईला इतकं वाटलं की तिनं ओटीची कड घट्ट धरून ठेवली. उभ्या जन्मात तिला उत्तराची कधी वाट पाहावी लागली नव्हती. आता ती चुलीकडे, रखमाच्या पाठीकडे बघत राहिली. घर तिचं होतं.

रखमानं कालवण ढवळलं, चव घेतली, मीठ टाकलं. तिला वेळ लागला. मग वळून तिनं नवऱ्याकडे पाहिलं, किती वर्षांनी कोण जाणे.

"जेवून जावा," ती म्हणाली.

कान्हा खाली मान घालून जेवायला बसला. ताट वेणूबाईनं वाढलं. बोईटाचा मधला जाड तुकडा तिनं पोराच्या पानात ठेवला, आणि दुसरा वाढायला हात पुढं केला तेव्हा आधी सुनेकडं बघितलं.